तरुण संघाची आठ दिवसांची मिशन ट्रिप: पुढच्या वर्षी त्याच गावाला जावं की नव्या?

मोहोर

सर्वांना नमस्कार, आणि मंडळीतल्यांना जय ख्रिस्त.

जानेवारीत आमच्या तरुण संघाचे चौदा जण आठ दिवस मेळघाटात राहून आले. आम्ही पुण्याच्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे. धारणी तालुक्यातलं एक कोरकू आदिवासी गाव, तिथे बारा-तेरा ख्रिस्ती कुटुंबं आणि वीस वर्षं तिथेच राहिलेले एक पाळक (पास्टर). गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ग्रामपंचायतीला आधी पत्र दिलं होतं, प्रचार करायचा नाही हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं. प्रार्थनागृहाला रंग द्यायचा, मुलांसाठी तीन दिवस शब्बाथ शाळेसारखे खेळ-गोष्टी घ्यायच्या, कपडे वाटायचे आणि एक छोटं नाटक करायचं, असा बेत होता.

गावात पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. कोरकू गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मध्ये रस्ता. त्या रस्त्यावर म्हातारी माणसं आणि लहान मुलं, बाकी कोणी नाही. दिवाळी झाली की लोक कामाला बाहेर पडतात, ते होळीला परततात. आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं, आणि पाळकांना आम्ही तारखा विचारल्याच नव्हत्या, कळवल्या होत्या.

मग रंग. मातीच्या भिंती, खालून ओल चढलेली, आणि आम्ही त्यावर पुण्याहून नेलेला प्लॅस्टिक रंग लावला. चौथ्या दिवशी सालपटं निघायला लागली. गावातल्या तीन बायकांनी तो खरवडला, शेणमातीने भिंत लिंपली आणि वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला. आम्ही पाणी वाहिलं. दोन दिवसांत भिंत सुरेख झाली. कपड्यांच्या गाठोड्यात काही कपडे फाटके निघाले, तेव्हा वाटप थांबवलं. तिसऱ्या दिवशी आमचा एक मुलगा कोणाशी फारसं न बोलता घरी निघून गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती प्रार्थना झाली. आम्हाला रोज भाकरी देणाऱ्या एक आजी उठल्या आणि त्यांनी आमच्यातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना केली. चौदाही नावं. निघून गेलेल्या मुलाचंसुद्धा. प्रार्थना कोरकूत होती, आम्हाला फक्त आमची नावं कळत होती. रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की त्या आजींचं नाव मला माहीत नाही. आठ दिवस त्यांच्या हातचं खाल्लं. शेजारी झोपलेल्या चौघींना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही त्यांच्यासाठी देव घेऊन चाललो आहोत असं मला निघताना वाटत होतं. प्रभू आमच्या वीस वर्षं आधी तिथे पोचलेला होता, आणि त्याला आमच्या नावांची यादी पाठ होती.

प्रश्न असा: संघाच्या बैठकीत दोन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, दरवर्षी नवं गाव घ्यावं, म्हणजे जास्त ठिकाणी पोचता येईल. दुसरे म्हणतात, त्याच गावात जावं. तिसरा, लहानसा गट म्हणतो की जाऊच नये, पैसे पाठवावेत. एकूण खर्च ७१,४०० रुपये झाला, त्यातले ३९,००० नुसते जाण्यायेण्याचे. तुमचे अनुभव सांगा. येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची आहे, म्हणजे आलेला अनुभव सांगायचा आहे, तिथे काय बोलू हेही कळत नाहीये.

---

पाणवठा

साक्ष द्यायची तर हेच वाचून दाखवा. रंगाची गोष्ट गाळू नका.

---

हिशेबी

मी तिसऱ्या गटातला. ७१,४०० पैकी ३९,००० रेल्वेला आणि एसटीला. उरलेल्यात चौदा जणांचं जेवण आणि फुकट गेलेला रंग. गावाच्या हाती काय पडलं? हीच रक्कम त्या पाळकांना दिली असती, तर भिंत तिथल्याच बायकांनी मजुरी घेऊन लिंपली असती आणि त्या तीन घरांना काम मिळालं असतं. मनापासून विचारतोय, राग मानू नका. आमच्या मंडळीतही दरवर्षी हा विषय निघतो आणि 'तरुणांना अनुभव मिळतो' या वाक्यावर संपतो. तरुणांचा अनुभव हा गरिबांच्या नावाने जमवलेल्या अर्पणातून का यावा?

---

वसईची_वाडी

जय येशू. मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडे धर्मग्रामातले तरुण तलासरी-डहाणूकडे वारली पाड्यांवर जातात. माझं पहिलं जाणं १९९४ सालचं.

आमच्या फादरांनी एकच नियम केला होता: काही घेऊन जायचं नाही. वह्या नाहीत, खाऊ नाही, कपडे नाहीत. जुलैत जायचं आणि ज्या घरी उतरू त्या घरची आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची. मी वाडीतली मुलगी, केळी आणि पानवेली बघत वाढले, त्यामुळे मला शेतीतलं कळतं अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी माझी रोपं वर तरंगली. घरची दहा वर्षांची मुलगी माझ्या मागून येऊन प्रत्येक रोप पुन्हा रोवत होती. संध्याकाळी कंबर मोडली होती. तिच्या आईने माझ्या पायांना तेल लावलं, तेव्हा मी ओशाळून पाय मागे घेतले.

फादर म्हणाले, पेत्रानेही असेच पाय मागे घेतले होते. प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्राला ते सहन होईना. दुसऱ्याचे पाय धुणं सोपं असतं, आपले धुवून घेणं अवघड. तीस वर्षं झाली, अजून मला मिशन म्हटलं की ती बाई आणि तेलाची वाटी आठवते.

हिशेबी, तुमचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. आम्ही पैसे पाठवले असते तर त्या घरी आम्ही 'वसईचे दाते' झालो असतो. आवणी केली म्हणून पाहुणे झालो. त्या घरच्या दोन लग्नांना मी गेले आहे, आणि ते माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आले होते.

आणि एक, आमच्या वसईचाच संत गोन्सालो गार्सिया. परदेशी गेला तो आधी जेझुइट धर्मगुरूंबरोबर, मग व्यापारी झाला, मग फ्रान्सिस्कन संन्यासी झाला, आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेला. भाषा येत होती म्हणून तो तिथे दुभाष्याचं काम करायचा. मोहोर, तुम्ही कोरकूचे किती शब्द शिकून आलात?

---

मोहोर

वसईची_वाडी, तीन. 'दा' म्हणजे पाणी, 'कुला' म्हणजे वाघ, आणि तिसरा आता आठवत नाही. उत्तर देताना लाज वाटते आहे.

---

धारणीचा_मास्तर

मी ख्रिस्ती नाही. धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर ११ वर्षं होतो, म्हणून लिहितो.

मेळघाटात पाहुण्यांची कमी नाही. १९९० च्या दशकात कुपोषणाच्या बातम्या गाजल्या तेव्हापासून गाड्या येतच आहेत. कॉलेजचे कॅम्प, संस्था, कंपन्यांचे लोक, देवळांचे ट्रस्ट, तुमच्यासारखे गट. प्रत्येकाला माझ्या वर्गातली मुलं तेच गाणं म्हणून दाखवायची. बिस्किटं मिळायची, फोटो निघायचे. एकदा दुसरीतल्या एका मुलीने मला विचारलं, 'सर, हे पुन्हा येतील का?' मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, 'मग नाव कशाला विचारतात?' मोहोर, तुम्ही नाव न विचारल्याबद्दल लिहिलंत, म्हणून हे आठवलं. विचारून विसरणं त्याहून वाईट.

भाषेबद्दल: कोरकू ही मराठीची बोली नाही. गोंडीसारखी द्राविडीही नाही. ती मुंडा कुळातली, संथाली आणि मुंडारीच्या नात्यातली. पहिलीत येणाऱ्या पोराला मराठी पूर्ण परकी असते. तुमच्या गोष्टी त्या मुलांना किती कळल्या असतील याचा विचार करा. मलाच पहिली दोन वर्षं मुलं नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

धर्मांतराबद्दलही बोलतो, कारण ते मनात ठेवून गप्प बसणं बरोबर नाही. बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती गटाकडे गावात काही लोक संशयाने बघतात. तुम्ही पंचायतीला पत्र दिलंत हे चांगलं केलंत. पण संशय पत्राने जात नाही. तुमचे ते पाळक वीस वर्षं तिथे आहेत, दवाखान्यात कोणाला न्यायचं असलं की रात्री उठतात, म्हणून लोक त्यांना आपला माणूस म्हणत असतील. आठ दिवसांच्या पाहुण्यांनी काही गडबड केली तर किंमत त्यांना मोजावी लागते, तुम्ही तर पुण्याला पोचलेले असता.

त्याच गावाला जा, किंवा जाऊ नका. नवं गाव नको.

---

पेरणारा

मास्तरांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. प्रचार करायचा नाही हे निघण्यापूर्वीच ठरवलंत, मग ती मिशन ट्रिप कशी? भिंती लिंपणं, खेळ घेणं हे कुठलंही कॉलेज करतं. प्रभूने शिष्यांना पाठवलं ते सुवार्ता सांगायला. आपल्या विश्वासाबद्दल बोलण्याचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. आपण भीतीपोटी गप्प बसतो आणि त्याला नम्रता म्हणतो. माझे आजोबा खेड्यापाड्यांत पायी फिरून सुवार्ता सांगत. त्यांना लोकांनी गावाबाहेर घालवलं, तरी ते बोलत राहिले. ते गप्प बसले असते तर मी आज हे लिहीत नसतो.

---

नगरचा_जुना

पेरणारा, तुमच्या आजोबांना माझा सलाम. माझेही आजोबा तसेच. ढोलकी आणि झांजा घेऊन ख्रिस्ती कीर्तन करत गावोगाव जायचे. पण त्यांच्याबद्दल एक सांगतो. ते ज्या गावी कीर्तन करायचे त्या गावच्या बाजाराला पुढच्या आठवड्यात जायचे, त्याच्या पुढच्याही. लोक त्यांना ओळखत. शब्द आधी आणि ओळख नंतर असं त्यांच्या बाबतीत कधी झालंच नाही.

आमच्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. लोकांना इमारती आठवतात, मला माणसं आठवतात. सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला उतरली, पुढे नगरला आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच वारली. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला तिच्याकडे आल्या होत्या. आता हे मिशन म्हणायचं की नाही? सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण त्या शाळेतून जे गेलं ते महाराष्ट्रभर पोचलं. त्या काळात गलबताचा प्रवासच चार-चार महिन्यांचा. आठ दिवसांसाठी कोण येणार होतं?

आणि मोहोरताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. 'ट्रिप' या शब्दातच तुमची अडचण आहे. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे: वारी. पंढरीला एकदा जाऊन आलेल्याला कोणी वारकरी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. नारायण वामन टिळकांना हे कळलं होतं. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे जागा होती. मिशनच्या चौकटीत राहिलो तर आपल्या माणसांच्या घरात पाय ठरत नाही, ही त्यांची खंत होती.

पौलही तेच करतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो आपल्या सोबत्याला, बर्णबाला, म्हणतो की ज्या ज्या नगरात आपण वचन सांगितलं तिथे परत जाऊ आणि बांधव कसे आहेत ते पाहू. नवं नगर नंतर, आधी जुन्यांची खुशाली.

---

पाणवठा

वारी. +१. आजपासून आमच्या संघात हाच शब्द.

---

मोहोर

नगरचा_जुना, तुम्ही सांगितलेला भाग काढून पुन्हा वाचला. त्याच ठिकाणी, पुढच्याच ओळींत, पौल आणि बर्णबाचं भांडण आहे. योहान मार्क आधीच्या प्रवासात अर्ध्यावर सोडून गेला होता, म्हणून पौल त्याला बरोबर न्यायला तयार नाही. बर्णबा मार्कला घेऊन वेगळा जातो. हे वाचून मला आमचा निघून गेलेला मुलगा आठवला. बैठकीत काही जण म्हणाले की पुढच्या वेळी त्याला घ्यायचं नाही. मी तेव्हा काहीच बोलले नाही.

---

लुगडं_आणि_लोणचं

अवांतर: कुटकीचा, त्या बारीक भरडधान्याचा, भात खाल्लात की नाही? माझी आई परतवाड्याची. कुटकी तव्यावर कोरडी भाजून मग शिजवायची, वरून तुरीचं पातळ वरण आणि जवसाची चटणी. कुकरला लावली की लगदा होतो, पातेल्यातच करा. आमच्याकडे नाताळला करंज्या-अनारशांच्या ताटात मोहाच्या फुलांची पुरणपोळी असायची.

---

मोहोर

खाल्ला! मुलांनी दोन-दोनदा मागून घेतला. पहिल्या दिवशी 'हे काय' म्हणून नाक मुरडणाराच शेवटच्या दिवशी पातेलं घासूनपुसून खात होता. प्रभूने बहात्तर जणांना पाठवताना सांगितलंच होतं, ज्या घरी उतराल तिथे जे वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका. आम्ही मात्र मॅगीची वीस पाकिटं नेली होती.

---

मिरजेची_सिस्टर

मी मिरजेला नर्सिंग शिकले. आमच्या मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस १८९४ पासून दवाखाना चालवत होते, १९२८ पर्यंत ते भारतात होते. पण मला दुसरंच सांगायचं आहे.

मी बरीच वर्षं कुष्ठरुग्णांबरोबर काम केलं, गावाचं नाव सोडा. आज कुष्ठरोग ६ ते १२ महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो. पण मज्जातंतू मेल्यावर पायाची संवेदना परत येत नाही. खिळा घुसला तरी कळत नाही. म्हणून रोज पाय बघावे लागतात. वीसेक मिनिटं पाण्यात बुडवायचे, भेगांची कातडी हलक्या हाताने घासायची, ओल्या पायालाच तेल लावायचं, आणि कुठे लाली किंवा जखम आहे का ते बोटाबोटांत बघायचं. हे रोज, आयुष्यभर.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी तरुणांचे गट यायचे, रुग्णांचे पाय धुवायचे. गाणी म्हणायचे, काही जण रडायचे. मनापासून करायचे, त्याबद्दल मला शंका नाही. पण शुक्रवारी सकाळी ते पाय पुन्हा आमच्याच हातात असायचे. एका आजोबांनी मला विचारलं होतं, 'वर्षातून एकदाच घाण होतात का गं माझे पाय?'

त्यातल्या एका गटातला एक मुलगा पुढच्या गुरुवारीही आला. एकटाच. टब कुठे ठेवलाय विचारलं. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी. तीन वर्षं येत होता. काहीच बोलायचा नाही. पेरणारा, तुम्ही शब्दाबद्दल लिहिलंत. त्या आजोबांनी मला एकदा विचारलं, हा पोरगा दर गुरुवारी का येतो? मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यांनी विचारलं. तेव्हा तो जे बोलला ते मी दाराबाहेरून ऐकलं, आणि मी इतकी वर्षं चर्चमध्ये बसून तशी सुवार्ता ऐकलेली नाही.

---

पेरणारा

सिस्टर, रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. माझं म्हणणं सोडत नाही, शब्द हवाच. पण कोणी विचारेपर्यंत टिकून राहावं लागतं, हे माझ्या लिहिण्यात नव्हतं. आजोबांकडे ते होतं.

---

न्यूजर्सीची_काकू

आमच्या इथल्या चर्चमधली मुलं उन्हाळ्यात मेक्सिकोला घरं बांधायला जातात. आठवड्याभराची ट्रिप, विमानाचाच खर्च अफाट. माझी मुलगी गेली होती. परत आल्यावर महिनाभर भारावलेली, मग शाळा सुरू झाली आणि विषय संपला. दुसऱ्या वर्षीपासून चर्चने तीन गोष्टी बदलल्या. काम काय करायचं ते तिथली मंडळी ठरवणार. जाण्याआधी चार महिने दर शनिवारी स्पॅनिश. आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, कारण आपल्या पोरांचे फोटो न विचारता कोणी टाकले तर आपल्याला चालेल का? यानंतर नावं देणाऱ्या मुलांची संख्या निम्मी झाली. जी राहिली ती मात्र वर्षानुवर्षं जात आहेत.

---

हिशेबी

काकूंच्या मुद्द्यात माझं अर्धं उत्तर आहे. निम्मी मुलं म्हणजे निम्मा प्रवासखर्च.

---

परतवारी

खातं आजच काढलं. तिसऱ्या दिवशी निघून गेलेला तो मीच. मोहोरताईंनी धाग्याची लिंक पाठवली आणि 'लिहायचं तर लिही, नाही तर राहू दे' एवढंच म्हणाल्या.

मी बीड जिल्ह्यातला. माझे आईवडील ऊसतोड करायचे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि ते सहा महिन्यांसाठी जायचे. मी आणि बहीण आजीजवळ. घराला कुलूप नसायचं, पण आई नसलेलं घर कुलूप लावल्यासारखंच असतं. पुण्यात कॉलेजला आलो, मंडळीत आलो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं गावी आमची शेती आहे.

त्या गावात पहिल्याच दिवशी ती कुलपं बघितली आणि मला छातीत आवळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मुलांचे खेळ घ्यायचे होते. माझ्याकडे एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता, तो खेळेचना. सारखा रस्त्याच्या टोकाकडे बघायचा. ताईंनी मला सांगितलं, त्याला हसव. मला माहीत होतं तो काय बघतोय. मीही तसाच वाटेला डोळे लावून बसायचो. मला त्याला हसवायचं नव्हतं, त्याच्या शेजारी बसायचं होतं. पण अंगात संघाचा टी-शर्ट, हातात फुगे, आणि मी 'सेवा करायला' आलेला. आपण इथे खोटे आहोत असं वाटलं. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाळकांना सांगून निघालो. ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी येईपर्यंत बसले, काही विचारलं नाही. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाले, 'होळीला ये. त्याचे आईवडील तेव्हा घरी असतात.'

आजींनी माझंही नाव घेतलं हे मला या धाग्यावर कळलं.

---

धारणीचा_मास्तर

बाळा, तूच जा. बाकी कोणी गेलं नाही तरी चालेल.

---

वसईची_वाडी

परतवारी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. ते गाव समजून घेण्याचं सामान त्या चौदा जणांत फक्त तुझ्याजवळ होतं.

---

नगरचा_जुना

पुढे पौलाने तुरुंगातून लिहिलं आहे की मार्कला घेऊन या, तो माझ्या कामाचा आहे. मोहोरताई, बैठकीत हे जरूर सांगा.

---

मोहोर

चार दिवसांनी लिहिते आहे. साक्ष झाली. रंगाची गोष्ट सांगितली, फाटक्या कपड्यांची सांगितली, नावाची सांगितली. परतवारी स्वतःहून उठला आणि त्याने त्याचं सांगितलं. त्यानंतर मंडळीतले तीन जण पुढे आले, तिघांच्याही घरी ऊसतोड होती. एक तर आमचे खजिनदार. इतकी वर्षं आम्ही एका बाकावर बसतो.

पाळकांना फोन केला आणि या वेळी पहिल्यांदा विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, माझ्या मुलीला आणि गावातल्या आणखी चौघांना दहावीचं गणित शिकवणारं कोणी नाही. कोणी फोनवरून शिकवलं तर? टेकडीवर गेलं की संध्याकाळी नेटवर्क येतं. एवढंच मागितलं. भिंतीबद्दल विचारलं, तर म्हणाले, भिंत आमच्या बायका दर दिवाळीला लिंपतात, ते त्यांचं अर्पण आहे, ते त्यांच्याकडून घेऊ नका.

आमच्यातल्या दोघी इंजिनिअर आहेत. सोमवारपासून संध्याकाळी सात ते आठ गणित सुरू झालं. पहिल्या दिवशी अर्धा वेळ आवाजच जात नव्हता, पण दोन उदाहरणं झाली.

ठरलं ते असं: तेच गाव. चौदा नाही, चौघंच. होळीला, लोक घरी असतात तेव्हा. परतवारी येतोय. वाचलेल्या प्रवासखर्चातून गणिताच्या मुलांना पुस्तकं आणि फोनचं रिचार्ज. सगळे खूश नाहीत, ज्यांना जायला मिळणार नाही त्यांची नाराजी आहे आणि ती मला समजते.

आजींचं नाव पाळकांना विचारलं. इथे लिहीत नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही. चौदाही जणांनी ते आपापल्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

मास्तर, एक विनंती. निघेपर्यंत कोरकूचे शंभर शब्द शिकायचे आहेत. शिकवाल का?

---

धारणीचा_मास्तर

शिकवतो. रोज पाच शब्द इथेच देत जाईन, वीस दिवसांत होतील. लिहून पाठ करू नका, मोठ्याने म्हणा.

होळीच्या आदल्या दिवशी नका पोचू, चार दिवस आधी या. कामावरून परतणाऱ्यांनी बस खचाखच असतात. परतवाड्याहून सकाळची पहिली गाडी धरा. सेमाडोहपर्यंत घाट लागतो, पोटात थोडं काहीतरी असू द्या. आणि परतवारीला खिडकीजवळ बसवा. हरिसालच्या पुढे परतीची कुटुंबं डोक्यावर गाठोडी घेऊन चालताना दिसतील, त्याला बघायचं असेल.